तोलोबाला कोरडं केलं तेव्हा

फार मागं, इतकं मागं की आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही ते नीट आठवत नसे, दोन डोंगरांच्या मधे एक खिंड होती. त्या खिंडीत धुकं कायमचं मुक्कामाला असायचं. सकाळी ते रस्त्यावर उतरायचं, दुपारी जरा विरळ व्हायचं, आणि ऊन कललं की पुन्हा येऊन बसायचं. त्यातून बैलगाड्या यायच्या. आधी घुंगरं ऐकू यायची, मग बैलांचा वास यायचा, आणि गाडी दिसायची ती सगळ्यांत शेवटी.

लहानांनी मांडी घालून ऐका. मोठ्यांनी लवंडून ऐकलं तरी चालेल, पण घोरायचं नाही.

तर खिंडीतला रस्ता होता नुसत्या दगडांचा. त्यावर चाकं खिळखिळी व्हायची, दोन चाकांना धरून ठेवणारा लोखंडी आस कुरकुरायला लागायचा. म्हणून खिंडीच्या तोंडाशी एक गाव वसलं होतं आणि त्या गावाला काम एकच होतं. भरलेली गाडी उचलायची, चाक काढायचं, आसाला वंगण लावायचं, चाक परत बसवायचं, आणि गाडीवानाला म्हणायचं, जा बाबा सुखानं.

आता तुम्ही विचाराल, भरलेली गाडी उचलायची कोणी? तर तोलोबानं.

तुमच्या गावच्या गॅरेजात गाडीखाली सरकवतात तो जॅक पाहिलाय ना? त्याचाच हा फार जुना पूर्वज. लोखंडाचं बसकं अंग, खाली चार लहान चाकं, मागं लांब दांडा, आणि पोटात तेल. दांडा वरखाली केला की पोटातलं तेल दाबलं जायचं, आणि ते तेल एका जाड, गुळगुळीत दट्ट्याला वर ढकलायचं. दट्ट्याबरोबर गाडी वर. बाजूची किल्ली जरा सैल केली की तेल परत पोटात आणि गाडी अलगद खाली. त्याला कोणी घडवलं हे कोणालाच माहीत नव्हतं. एका सकाळी धुकं जरा बाजूला झालं आणि हा तिथं उभा होता, असं म्हातारी माणसं सांगायची.

जो रोज उपयोगी पडतो त्याला माणसं तशी सोडत नाहीत. गावानं त्याचा देव केला. रोज सकाळी त्याला डोक्यापासून चाकांपर्यंत तेल चोपडायचं, मग पोटावरचं बूच काढून पळीभर तेल आत घालायचं, आणि खाली जे ठिबकेल ते बोटानं डोळ्यांना लावायचं, अशी रीत पडली. गाडी उचललेली असताना तोलोबा मधेच खाली बसला, तर त्याची सेवा करणाऱ्याचं काहीतरी चुकलं असं समजत. हा सेवेचा मान चार पिढ्या एकाच घरात होता, आणि आपल्या गोष्टीच्या वेळी त्या घरात रायबा होता.

रायबा तसा मऊ माणूस. धुक्याकडे बघत बसला तर जेवायचं विसरायचा. त्याची बायको सगुणा मात्र त्याच्या नेमकी उलटी. गाडीखाली जायचं काम तिचं. पाठीवर पडायची, सर्रकन आत सरकायची, आणि आसाला वंगण लावता लावता तिथूनच गाडीवानाच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. तिच्याइतका झटपट हात साऱ्या गावात कोणाचा नव्हता.

असं सगळं छान चाललं होतं म्हणता म्हणता एका सकाळी रायबाला तोलोबाच्या खाली भाकरीएवढं तेलाचं डबकं दिसलं. रोज ठिबकायचं ते चार थेंब. हे निराळं होतं. दुसऱ्या दिवशी डबकं परातीएवढं झालं. पळीभर तेल पुरेना, तांब्याभर लागायला लागलं. आणि उचललेली गाडी बोटभर खाली यायला लागली, कोणाच्या लक्षात येणार नाही इतकी हळू.

रायबाच्या मात्र लक्षात आलं. त्याला वाटलं, हे गावाला कळलं तर म्हणतील, चार पिढ्यांत चुकलं नाही ते या रायबानं चुकवलं. मग त्यानं काय करावं? गाव उठायच्या आत तो जाऊन डबकं पुसून यायला लागला. बूच काढून तांब्याभर तेल ओतायला लागला. आणि वरून दुप्पट तेल चोपडायला लागला, म्हणजे सगळंच कसं चकचकीत दिसावं. गावातले लोक म्हणायचे, तोलोबावर कसं तेज आलंय बघा.

आणि सगुणा गाडीखाली सरकली की हा दांड्याला हात लावून उभा राहायचा आणि मनात म्हणायचा, आजचा दिवस जाऊ दे बाबा. असे वर्षभर दिवस गेले. मला त्याचा राग येतो, खरं सांगते. पण तुम्ही लगेच मान हलवू नका. आपल्या घरातली कुठली कुठली डबकी आपण पुसून ठेवली आहेत, ते ज्याचं त्याला ठाऊक.

एके दिवशी धुक्यातून बियाण्यांच्या गाड्या आल्या. पलीकडच्या खोऱ्यात पेरा तोंडावर आला होता. चार दिवसांत बियाणं पोचलं नाही तर त्या खोऱ्यानं वर्षभर खायचं काय, असा प्रश्न होता. पहिल्याच गाडीचा आस रडत होता. तोलोबा खाली सरकवला, रायबानं दांडा मारला, गाडी वर गेली, चाक निघालं आणि सगुणा आत गेली.

"दादा, पोरंबाळं किती?" ती आतून गाडीवानाला विचारत होती.

गाडीवान "तीन" म्हणाला तोवर तोलोबानं एक लांब उसासा टाकला आणि तो बसला. हळू नाही, एकदम बसला. पोत्यांनी भरलेली गाडी खाली आली आणि धुळीचा लोट उठला.

धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, सगुणा कूस वळवून गाडीबाहेर आली होती, पण तिची वेणी आसाखाली सापडली होती. मान वाकडी करून ती तशीच पडली होती. विळा आणून वेणी कापली तेव्हा कुठं ती उठून बसली. रडली नाही. कोणीतरी दिलेलं पाणी प्यायली, मानेवरून हात फिरवून बघितला, आणि मग मात्र तिचे दात वाजायला लागले. दोन बायांनी धरून तिला घरी नेलं.

गावातले थोरले होते दाजीबा. त्यांनी तोलोबासमोर हात जोडले आणि गावाकडे वळून म्हणाले, "भूक लागलीय त्याला. आपणच कमी पडलो. उद्या सकाळी घरोघरचं तेल आणा. चाळीस घडे झाले की अंघोळ घालू आणि पोटभर पाजू. मग गाडी उचलेल तो. आणि खाली सगुणाच जाईल, हात तिचाच बसलाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. रायबानंही हलवली.

दुपारी तो एकटाच तोलोबापाशी जाऊन बसला. धुकं इतकं विरळ झालं होतं की ऊन त्यातून गाळून यावं तसं येत होतं. कुठंतरी बैल रवंथ करत होते. रायबाच्या डोळ्यांवर झापड आली. तो जागा होता की झोपेत, ते त्यालाही पुढं कधी नीट सांगता आलं नाही.

"जरा सरक," कोणीतरी म्हणालं. "वाट दे."

त्यानं खाली बघितलं तर एक काळा मुंगळा तोलोबाच्या चाकापाशी उभा होता. चांगलाच वैतागलेला दिसत होता.

"वाट म्हणायचं आपलं उगीच," मुंगळा म्हणाला. "आमचे वाडवडील याच्या अंगावरून सरळ पलीकडे जायचे. आता पाय ठेवावा तिथं घसरतं."

"आम्ही तेल लावतो त्याला," रायबा म्हणाला. "देव आहे तो."

"असेल बाबा. पण गळतोय कुठून?"

रायबा दचकला. "गळतोय हे तुला कोणी सांगितलं?"

"आमचे तेरा जण त्या डबक्यात बुडाले. आणखी कोणी सांगायला हवंय?"

रायबानं चाकाखालचं तेल बोटानं पुसलं. मग म्हणाला, "कुठून गळतो ते मलाही कळत नाही रे. किती बघतो, दिसतच नाही."

"दिसेल कसं? सगळाच ओला. ओल्यात ओल शोधतोस होय?" मुंगळ्यानं मिशा पुसल्या. "एकदा पूर्ण कोरडा कर त्याला. वरून काहीतरी पांढरं भुरभुरव. मग ओझं दे आणि गप बसून बघ. कुठं दुखतंय ते तो आपणहून दाखवेल."

"पण कोरडा करायचा म्हणजे लोक काय म्हणतील? आणि मग सगळं सांगावं लागेल."

"ते मला काय विचारतोस? मी मुंगळा आहे," असं म्हणून तो वळसा घालून निघून गेला. त्याला घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोलोबाभोवती चाळीस घडे रांगेनं मांडलेले होते. धुक्यात ते घडेही डुलत असल्यासारखे दिसत होते. बियाण्यांच्या गाड्या ओळीनं थांबल्या होत्या. सगुणा डोक्याला फडकं बांधून आली होती आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती आली होती.

दाजीबांनी पहिला घडा उचलला, तसा रायबा आडवा आला.

"ओतू नका," तो म्हणाला. "त्याला भूक लागलेली नाही. तो गळतो."

दाजीबांनी घडा खाली ठेवला. "कधीपासून?"

"वर्ष झालं."

एका बैलानं मान हलवली तेवढं घुंगरू वाजलं.

"रोज सकाळी मी डबकं पुसत होतो," रायबा म्हणाला. "गाडी खाली येते हेही मला दिसत होतं. घराण्याचा मान जाईल म्हणून मी बोललो नाही."

सगुणानं त्याच्याकडे बघितलं. असं बघितलं की जवळ उभी असलेली माणसं दोन पावलं मागं सरली.

"वर्षभर?" ती म्हणाली. "मी रोज खाली जात होते. तुम्ही दांड्यापाशी उभे असायचात. आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग माझ्या जिवापेक्षा मान जड झाला होय तुम्हाला?"

रायबानं काही बनवून सांगितलं नाही. मान खाली घालून उभा राहिला. वर्षभरात त्याच्या हातून झालेलं बरं काम एवढंच.

"त्याला पूर्ण कोरडा करू द्या," मग तो म्हणाला. "कुठून गळतो ते तरच दिसेल."

दाजीबा कानांवर हात ठेवून म्हणाले, "चार पिढ्यांचं तेल पुसायचं? हे पाप मी नाही घेणार."

"मी घेते," सगुणा म्हणाली. "त्याच्याखाली जायचंय मला. त्याला ओला ठेवायचा की कोरडा, हे मी सांगणार, दाजीबा. तुम्ही गेला होता का कधी खाली?"

दाजीबा गेले नव्हते. सगुणानं डोक्याचं फडकं सोडलं आणि त्याच फडक्यानं तोलोबाला पुसायला सुरुवात केली. मग एकेक बाई पुढं आली. कोणी गरम राख आणली, कोणी कोंडा आणला, कोणी जुनी लुगडी. तेलाखाली तेलाचा थर, त्याखाली काळा चिकट चिखल, त्यात कुंकू, बैलांचे केस, पाखरांची पिसं, रस्त्याची धूळ. ते सगळं निघालं तेव्हा आत साधंच करडं लोखंड होतं. तोलोबा एवढा लहान असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. दाजीबा पाठ फिरवून उभे होते, पण मधून मधून मान वळवून बघतही होते.

मग तांदळाची पिठी आणली आणि फडक्यात धरून त्याच्यावर भुरभुरवली. धुकं पांढरं, त्यात तोलोबाही पांढरा. ती सकाळ इतकी शांत होती की पिठी खाली पडतानाही ऐकू येईल असं वाटावं.

एका मोडक्या गाडीत दगड भरले. तिच्या आसाखाली लाकडाचे जाड ठोकळे रचले, म्हणजे बसली तरी ठोकळ्यांवर बसेल. खाली कोणी जायचं नाही, असं सगुणानं बजावलं. रायबानं दांडा मारला, गाडी वर गेली, आणि सगळं गाव जमिनीवर बसलं.

आता पुढं काय? काही नाही. नुसतं बघत बसायचं. हे फार अवघड काम आहे, करून बघा कधी. कोणी पेंगलं, कोणी जांभई दिली. गाडीवान पेऱ्याच्या काळजीनं बोटं मोडत होते. धुकं येत होतं, जात होतं. तोलोबा कधी दिसत होता, कधी नुसताच तिथं असल्यासारखा वाटत होता.

आणि मग सगुणानं बोट दाखवलं.

दट्ट्या जिथून बाहेर येतो त्या गळ्यापाशी पिठीवर एक ओली रेघ उमटली होती. आधी केसाएवढी, मग दोऱ्याएवढी. बूच कोरडं होतं, किल्लीही कोरडी, आणि पोटाची शिवणही कोरडी. गळत होतं ते गळ्यापाशी, त्या एकाच ठिकाणी.

गाडी ठोकळ्यांवर उतरवली. तोलोबाच्या पोटातलं तेल घड्यात काढून घेतलं, गळ्याची कडी फिरवून सोडली आणि दट्ट्या बाहेर ओढला. त्याच्याभोवती आतून चामड्याची एक चकती बसवलेली होती, तेल बाहेर येऊ नये म्हणून. ती एका बाजूनं झिजून गेली होती. गावात चामड्याचं काम करणारे यमाजी होते. त्यांनी ती बोटांत धरून उजेडाकडे नेली, मग चिमटीत चोळली.

"वाळू आहे हिच्यात," ते म्हणाले. "रस्त्याची बारीक वाळू."

"वाळू आत कशी जाईल?" दाजीबांनी विचारलं.

"बाहेर तेल चोपडता ना रोज? त्यावर धूळ बसते. दट्ट्या खाली जाताना ती धूळ आत घेऊन जातो. वर येताना चकती घासते. रोज थोडी थोडी."

दाजीबांनी चाळीस घड्यांकडे बघितलं. मग ते तिथंच दगडावर टेकले. "म्हणजे आम्हीच त्याला फाडला," ते म्हणाले.

यमाजींनी म्हशीच्या जाड कातड्याची नवी चकती कापली आणि तेलात भिजत टाकली. तोवर सगुणानं दट्ट्यावरचे ओरखडे मऊ राखेनं घासून घासून काढले. नख फिरवलं तर कुठं अडकू नये, इतका तो गुळगुळीत केला. मग स्वच्छ धुऊन पुसला, नवी चकती बसवली, कडी घट्ट केली. तेल गाळून भरलं, तेही खुणेपर्यंतच, उतू जाईल इतकं नाही. रिकामा तोलोबा चार-पाचदा वरखाली केला, तेव्हा पोटात अडकलेली हवा गुडगुडत बुचातून बाहेर आली. तोलोबाला ढेकर आली असं एक बाई म्हणाली आणि कालपासून पहिल्यांदाच लोक हसले.

गळ्यापाशी पुन्हा पिठी भुरभुरवली आणि दगडांची गाडी उचलली. काठी उभी करून तिच्यावर कोळशानं रेघ मारली. धुकं विरळ होऊन पुन्हा दाट व्हायला लागेपर्यंत सगळे थांबले. गाडी रेघेवरून केसभरही हलली नाही. पिठीही कोरडीच राहिली.

मग बियाण्यांची गाडी पुढं घेतली. ठोकळे लावले, गाडी वर गेली, चाक काढलं. सगुणा पुढं आली. पण ती खाली वाकली नाही. तिनं रायबाच्या हातातला दांडा काढून घेतला.

"आज तुम्ही खाली जा," ती म्हणाली.

रायबा पाठीवर पडला आणि आत सरकला. जन्मात पहिल्यांदा त्यानं भरलेली गाडी खालून बघितली. नाकाच्या वर चार बोटांवर आस होता. त्याच्यावर फळ्या, फळ्यांवर पोती, आणि वरचं सगळं आभाळच जणू कोणीतरी तोलून धरलंय असं वाटत होतं. बाहेरून नुसते पाय दिसत होते. दांड्यापाशी कोणाचा चेहरा कसा आहे, हे तिथून दिसतच नाही, हे त्याला तेव्हा कळलं. सगुणाला लागायचा त्याच्या तिप्पट वेळ त्याला लागला.

"भीती वाटते का?" सगुणाचा आवाज आला.

"वाटते."

"मला कधी वाटली नाही," ती म्हणाली. "दांड्यापाशी तुम्ही असायचात ना."

रायबा आत पडल्या पडल्या रडला. कोणी त्याला बाहेर ये म्हणालं नाही. वंगण लावून झाल्यावर तो आपणच बाहेर आला, चाक बसलं, आणि गाड्या धुक्यात शिरल्या. पेऱ्याच्या आदल्या दिवशी बियाणं खोऱ्यात पोचलं.

चार पिढ्यांचा मान रायबाच्या घरातून गेला. तो त्यानं स्वतःच दाजीबांसमोर उतरवून ठेवला, आणि तो गाडीखालचं काम शिकायला लागला. सगुणा त्याच्याशी नीट बोलायला लागली ती पुढची कणसं भरल्यावर. त्या गावाची रीतही बदलली. तोलोबाला तेल चोपडायचं बंद झालं, रोज सकाळी त्याला कोरड्या फडक्यानं पुसायला लागले. ठोकळ्यांशिवाय गाडीखाली कोणी जाईना. आणि जो कोणी दांडा धरील, त्यानं दिवसाच्या पहिल्या गाडीखाली आधी स्वतः पडून यायचं, मग दुसऱ्याला पाठवायचं, असं ठरलं. ती खिंड अजून कुठं असेल, तर तिथं अजून असंच करत असतील.

ऐकलंत ना? तर लक्षात ठेवा: गळती कधी झाकू नये, कारण ओझ्याखाली आपलंच माणूस असतं.